गोवरानंतरचा बुद्धिभ्रंश : भिवंडीची साथ आणि नोंदींचा प्रश्न

१

इ. स. २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडी मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची मोठी साथ उद्भवली आणि थोड्याच दिवसांत भिवंडी व मालेगाव या दोन नगरांतही तिचा उद्रेक झाल्याचे दिसून आले. केंद्र शासनाने तज्ज्ञांचे पथक धाडले. घरोघर पाहणी झाली. ज्या वस्त्यांत नऊ महिन्यांखालील अर्भकांमध्ये रोगाचे प्रमाण अधिक होते, तेथे सहा महिने पूर्ण झालेल्या बालकांनाही लस द्यावी, अशी शिफारस त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये करण्यात आली. पुढे साथ ओसरली. साथींचा इतिहास लिहिण्याची रूढ रीत अशी, की रुग्णांची व मृतांची गणती थांबली म्हणजे प्रकरण संपले असे मानावयाचे. पटकी, प्लेग, इन्फ्लुएंझा यांचे इतिहास बहुधा याच रीतीने लिहिले गेले. गोवराच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते; कारण गोवर झालेल्या बालकांपैकी फार थोड्यांच्या, परंतु काहींच्या, मेंदूत त्याचा विषाणू टिकून राहतो आणि बहुधा सहा ते दहा वर्षांनी त्यांच्या बुद्धीचा व स्मृतीचा नाश करून अखेर त्यांचा प्राणही घेतो.

विषाणुजन्य रोग आणि बुद्धिभ्रंश यांचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न अलीकडे जगभर नव्याने विचारला जात आहे. तो बहुधा वृद्धापकाळाच्या संदर्भात विचारला जातो. तथापि ज्या थोड्या विषाणूंविषयी त्याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आले आहे, त्यांत गोवराचा विषाणू प्रमुख होय, आणि त्याचे बळी वृद्ध नसून बहुशः शाळकरी मुले असतात. या प्रश्नाचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. संसर्ग आणि बुद्धिभ्रंश यांच्यामध्ये जो काळ पडतो, तो कोणत्या तरी विश्वसनीय नोंदीने सांधला गेला, तरच त्यांचा संबंध सिद्ध होतो. ही नोंद कधी रुग्णाच्या शरीरातच आढळते, कधी दप्तरात. जेथे ती नव्हती, तेथे तर्क, ऐकीव गोष्ट किंवा पूर्वग्रह यांनी तिची जागा घेतली. भिवंडीच्या साथीचा विचार या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

२

मराठी लोकव्यवहारात वृद्धाच्या बुद्धिनाशाला ‘म्हातारचळ’ म्हणतात, आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर सर्वतोमुखी आहे. या दोन्ही प्रयोगांत कारणाचा प्रश्न उपस्थितच होत नाही. वय हेच कारण मानलेले असते. उलटपक्षी गोवराविषयीची भाषा पाहावी. गोवर ‘निघतो’, अंगावर ‘उमटतो’ आणि ‘येऊन जातो’. जो येऊन गेला, त्याचा पुढे हिशेब ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. म्हणजे एका व्याधीला भाषेने भूतकाळ ठेवला नाही आणि दुसरीला भविष्यकाळ दिला नाही. अशा स्थितीत या दोहोंमध्ये संबंध असू शकेल, ही कल्पना सहजासहजी सुचणे कठीणच होते.

एकोणिसाव्या शतकातील सरकारी दप्तराने कारणाचा प्रश्न विचारला खरा. पण त्याचे उत्तर कसे भरले जाई, हे पाहण्याजोगे आहे. वेड्यांच्या इस्पितळांत दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत वेडाच्या कारणाचा एक रकाना असे. त्यातील मजकूर बहुधा पोलीस किंवा मॅजिस्ट्रेट यांच्याकडून आलेल्या कागदावरून उतरवून घेतला जाई. पुष्कळ नोंदींत ‘गांजा’ हे कारण आढळे. १८९३-९४ मध्ये हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने या नोंदींची फेरतपासणी केली, तेव्हा १८९२ साली दाखल झालेल्या व गांजाच्या खाती घातलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत ते कारण आयोगास ग्राह्य वाटले नाही. कारण ठाऊक नसले तरी रकाना रिकामा ठेवावयाचा नाही, या कार्यालयीन सवयीतून एक भ्रामक आकडेवारी तयार झाली होती. भिवंडीपासून जवळच असलेले ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले, ते या पार्श्वभूमीवर.

पूर्वी झालेला संसर्ग पुष्कळ वर्षांनी बुद्धी हरण करू शकतो, हे प्रथम निर्विवादपणे दाखविले गेले ते १९१३ साली. ‘जनरल पॅरालिसिस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेडाने मृत झालेल्या रुग्णांच्या मेंदूत नोगुची आणि मूर यांना उपदंशाचे जंतू आढळले. हा जंतू विषाणू नव्हे. परंतु या शोधाने एक मूलभूत गोष्ट प्रस्थापित केली : आरंभीचा रोग बरा झाल्यासारखा दिसल्यानंतर दहा-वीस वर्षे शांततेत गेली, तरी त्या शांततेचा अर्थ रोग गेला असा होत नाही. योगायोग असा, की याच सुमारास आलोइस अल्झायमरने वृद्धत्वाला साजेसे बुद्धिनाशाचे एक उदाहरण पन्नाशीतील एका स्त्रीच्या ठायी पाहून १९०६ साली विद्वानांपुढे मांडले होते. ‘वय हेच कारण’ ही समजूत तेथून ढासळू लागली.

३

विषाणूंच्या बाबतीत मात्र पहिला मोठा प्रयत्न फसला, आणि तो का फसला हे समजून घेणे उपयुक्त आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझाचा शिरकाव झाला व सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसऱ्या लाटेने अनर्थ केला. मुंबई इलाख्यात त्या वर्षी या रोगाने सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज आहे. त्याला अंदाजच म्हणावे लागते. कारण गावोगाव मृत्यूची नोंद करणाऱ्या पाटलाजवळ इन्फ्लुएंझासाठी निराळा रकाना नव्हता, आणि बहुतेक मृत्यू ‘ताप’ या सदराखाली लिहिले गेले. मृतांचा आकडा पुढे काढण्यात आला, तो नेहमीच्या मृत्यूंपेक्षा किती अधिक झाले हे पाहून.

याच काळात युरोप-अमेरिकेत ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ या निद्रारोगाची साथ पसरली. त्यातून वाचलेल्यांपैकी पुष्कळांना काही वर्षांनी कंपवात जडला, कित्येकांच्या स्वभावात व बुद्धीत बिघाड झाला. हा इन्फ्लुएंझाचाच उत्तरपरिणाम असावा, असे अनेकांनी मानले. परंतु व्हिएन्नातील कॉन्स्टन्टिन फॉन इकोनोमो याने हा रोग १९१७ सालीच, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या जागतिक साथीपूर्वी, वर्णिलेला होता. आणि पुढील संशोधनातही त्या संबंधाला भक्कम पुरावा मिळाला नाही. दोन साथी एकाच दशकात आल्या, एवढ्याने एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा धडा येथे घ्यावयाचा आहे.

दुसरा धडा ‘मंद विषाणू’ या संकल्पनेचा. १९५४ साली आइसलंडच्या ब्योर्न सिगुर्डसन याने मेंढ्यांच्या रोगांवरून असे प्रतिपादिले, की काही संसर्ग महिनोन्महिने, वर्षानुवर्षे संथपणे वाढत राहतात. न्यू गिनीतील ‘कुरू’ हा मेंदूचा रोग या कल्पनेचे उत्कृष्ट उदाहरण मानला गेला. तो चिंपांझीत संक्रमित करता येतो हे १९६६ साली सिद्ध झाले, आणि कार्लटन गायडुसेक यास १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे स्टॅन्ली प्रुसिनर याने १९८२ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार कुरूचे कारण विषाणू नसून ‘प्रायॉन’ हे विकृत प्रथिन आहे, असे ठरले. संकल्पना योग्य होती, उदाहरण चुकीचे होते. तिचे खरे उदाहरण घरोघरच्या एका परिचित रोगात दडलेले होते.

४

१९३३ साली अमेरिकेतील जेम्स डॉसन या विकृतिशास्त्रज्ञाने एका मुलाच्या मेंदूतील पेशींत काही विलक्षण पिंड पाहिले आणि हा विषाणूचा प्रताप असावा, असा कयास बांधला. कोणता विषाणू, हे सांगण्याचे साधन त्या काळी नव्हते. १९४५ साली बेल्जियमच्या लुडो व्हान बोगार्ट याने अशाच विकाराचे वर्णन निराळ्या नावाने केले. हे दोन्ही विकार एकच आहेत हे ओळखून पुढे त्यास ‘सबअक्यूट स्क्लेरोजिंग पॅनएन्सेफलायटिस’, संक्षेपाने एसएसपीई, हे नाव रूढ झाले. १९६५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या पेशींत गोवराच्या विषाणूसारखी रचना दिसली. १९६७ मध्ये बेलफास्ट येथील कॉनोली व त्याचे सहकारी यांनी दाखविले, की अशा रुग्णांच्या रक्तात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे असाधारण प्रमाणात असतात. १९६९ मध्ये रुग्णांच्या मेंदूतून प्रत्यक्ष गोवराचा विषाणू वेगळा करण्यात आला आणि छत्तीस वर्षांची शोधयात्रा पूर्ण झाली.

या रोगाचा क्रम मोठा हृदयद्रावक आहे. आरंभी मूल अभ्यासात मागे पडते, चिडखोर किंवा अबोल होते, पाठ झालेले विसरते. मग अंगाला एकाएकी झटके येऊ लागतात. हातातील वस्तू पडते, चालताना तोल जातो. त्यानंतर फेफरे, वाचा जाणे, दृष्टी अधू होणे आणि अंथरूण धरणे अशा पायऱ्यांनी रोग वाढतो, व बहुधा एक ते तीन वर्षांत मृत्यू येतो. तो खात्रीने बरा करील असे औषध अद्याप नाही. मेंदूत राहून गेलेल्या विषाणूच्या जनुकांत बदल घडतात. त्याचे काही घटक सदोष होतात आणि पूर्ण कण बाहेर न टाकताच तो एका पेशीतून दुसरीत सरकत जातो. त्यामुळे प्रतिपिंडांचा एवढा साठा असूनही शरीराला त्याचे निर्मूलन करता येत नाही. ही प्रतिपिंडे म्हणजे शरीराने स्वतः ठेवलेली गोवराची नोंदच होय. आईबापांना गोवर आठवत नसला, तरी ती नोंद पुसली जात नाही. रुग्णांच्या मेंदूत सापडलेले विषाणू रानटी वाणाचे असतात, लशीतील दुबळ्या केलेल्या वाणाचे नसतात, हेही अशा तपासणीतूनच स्पष्ट झाले. आणि लस ही या बुद्धिभ्रंशापासूनचे एकमेव खात्रीचे संरक्षण ठरली.

परंतु शरीरातील नोंद एवढेच सांगते, की या मुलाला हा रोग गोवरामुळे झाला. किती मुलांमागे एकाला तो होतो, हे सांगावयास दप्तरच लागते. हा रोग लाखांत एखाद्यास होतो, असे पुष्कळ दिवस समजले जाई. अमेरिकेत १९८९ ते १९९१ या काळात गोवर उफाळला होता; कॅलिफोर्निया राज्यातील १९९८ ते २०१५ या काळातले एसएसपीईचे १७ रुग्ण शोधून काढून संशोधकांनी त्या काळच्या गोवराच्या नोंदींशी त्यांचा मेळ घातला. गोवर पाच वर्षांच्या आत झाला असेल तर १,३६७ मुलांमागे एक, आणि पहिल्या वर्षाच्या आत झाला असेल तर ६०९ मुलांमागे एक, असे प्रमाण निघाले. हे आकडे भिवंडीस जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. तथापि अर्भकावस्थेतील गोवर विशेष घातक असतो, ही गोष्ट त्यांवरून सिद्ध होते. आणि भिवंडीसारख्या उद्रेकांत लशीचे वय होण्यापूर्वीच बाधित होणाऱ्या अर्भकांचा प्रश्न शासनाच्या शिफारशीतही उमटलेला होता.

५

वृद्धापकाळाच्या बुद्धिभ्रंशाविषयीचा पुरावा याहून कमी निर्णायक आहे. परंतु तोही दप्तरांच्या आधारेच पुढे सरकला. ओठांच्या कडेला तापाचे फोड उठविणारा हर्पीस विषाणू वृद्धांच्या मेंदूत आढळतो, हे मँचेस्टर येथील रूथ इट्झहाकी व त्यांचे सहकारी यांनी १९९१ पासून दाखवून दिले. विषाणू मेंदूत आढळणे आणि त्याने रोग उत्पन्न करणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. त्याच कुळातील दुसरा विषाणू कांजिण्यांचा. तो मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि उतारवयात ‘नागीण’ होऊन बाहेर पडतो. नागिणीचा कमरेभोवती वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, अशी आपल्याकडील समजूत. वेढ्याची भीती निराधार असली, तरी नागिणीचा मेंदूशी काही संबंध असावा, अशी शंका अलीकडे बळावली आहे.

या शंकेला बळ मिळाले ते वेल्समधील एका प्रशासकीय निर्णयामुळे. तेथे १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस देण्यास आरंभ झाला, आणि पात्रतेची सीमा २ सप्टेंबर १९३३ ही जन्मतारीख ठरली. त्या दिवशी वा नंतर जन्मलेले पात्र ठरले. आदल्या दिवशी जन्मलेले कायमचे वगळले गेले. या तारखेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांत इतर कोणताही महत्त्वाचा भेद असण्याचे कारण नव्हते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की लस घेतलेल्यांमध्ये पुढील सात वर्षांत बुद्धिभ्रंशाचे निदान होण्याचे प्रमाण ३.५ टक्क्यांच्या अंतराने, म्हणजे सुमारे एक पंचमांशाने, कमी होते. हा परिणाम विषाणू दबल्यामुळे की लशीने एकूण रोगप्रतिकारशक्ती बदलल्यामुळे, हे अद्याप अनिर्णित आहे. उलट २०२५ सालीच जाहीर झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, अल्झायमरच्या आरंभीच्या अवस्थेतील १२० रुग्णांपैकी काहींना हर्पीसविरोधी औषध दीड वर्ष देऊनही लाभ झाला नाही. तेव्हा वृद्धांच्या बाबतीत संबंध संभाव्य आहे, सिद्ध नाही, असेच म्हणणे न्याय्य ठरेल. मात्र वेल्सची उपपत्ती शक्य झाली, ती जन्मतारीख, लस आणि निदान या तीन नोंदी एकाच माणसाच्या नावे जुळविता आल्या म्हणून, हे विसरता येणार नाही.

मुंबईत असा मेळ एकदा केवळ वैद्यांच्या स्मरणाने घातला गेला होता. १९७१ मध्ये डोळे येण्याची मोठी साथ आली आणि तीनंतर काही रुग्णांना पोलिओसारखा पक्षाघात झाला. ई. पी. भरुचा, नोशीर वाडिया आदी मुंबईच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी हा संबंध ओळखून जगापुढे मांडला. डोळे येणे आणि पाय लुळे पडणे यांत अंतर काही आठवड्यांचेच होते. रुग्णाला दोन्ही आठवत होती. अंतर आठ वर्षांचे असते, तर हा शोध लागला असता काय, हा प्रश्नच आहे.

६

भिवंडीत ते अंतर वर्षांचे आहे, आणि नगराची घडण अशी, की ते सांधणे अतिशय कठीण व्हावे. कामवारी नदीकाठचे हे गाव १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी वाढविले. तेलंगणातील पद्मशाली विणकरांनी पद्मनगर वसविले. हातमाग जाऊन यंत्रमाग आले आणि त्यांच्यामागून उत्तर प्रदेश-बिहारातील कामगार आले. २०११ च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या सुमारे सात लाख होती. मालेगाव हेही मुंबई-आग्रा मार्गावरील असेच यंत्रमागाचे नगर. येथील कामगाराचे घर दुहेरी असते : खोली भिवंडीत, ‘मुलूख’ अन्यत्र. सणाला, लग्नाला, बाळंतपणाला, माग बंद पडले म्हणजे, कुटुंब मुलखाला जाते. कधी परतते, कधी परतत नाही. लशीचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर एका ठिकाणी, तर सोळाव्या महिन्यानंतरचा दुसरा दुसऱ्याच ठिकाणी, किंवा कोठेच नाही, असे घडते. त्यात २०२०-२१ मध्ये कोव्हिडमुळे नित्याच्या लसीकरणात खंड पडला होता.

साथ का आली, या प्रश्नास ‘अमुक समाज लस घेत नाही’ असे झटपट उत्तर त्या वेळी पुष्कळदा ऐकू आले. काही कुटुंबांत लशीविषयी अविश्वास होता, हे नाकारता येत नाही. परंतु दाटीची वस्ती, कुपोषण, स्थलांतर आणि महामारीतील खंड ही कारणे बाजूला सारून तेवढेच कारण रकान्यात लिहिणे म्हणजे गांजाच्या नोंदींचीच पुनरावृत्ती होय. इतिहासाच्या अभ्यासकाने तरी त्यापासून सावध राहावे.

आता पुढील काळाचा विचार करावा. २०२२ च्या हिवाळ्यात आठ-दहा महिन्यांच्या असलेल्या बालकास या बुद्धिभ्रंशाचा धोका मुख्यतः सुमारे २०२८ ते २०३२ या काळात संभवतो. कोणास तो आधीही गाठू शकतो. त्या वेळी ते मूल दुसरी-तिसरीत, भिवंडीच्या उर्दू, मराठी, हिंदी किंवा तेलुगू शाळेत, अथवा मुलखातील एखाद्या गावी असेल. पेन्सिल हातातून पडू लागली, शिकलेले विसरू लागले, तर ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून प्रथम शिक्षा होईल. मग बाहेरची बाधा म्हणून उपाय होतील. मग फेफऱ्याचे औषध सुरू होईल. ‘लहानपणी गोवर झाला होता काय?’ हा प्रश्न विचारणारा वैद्य जेव्हा केव्हा भेटेल, तेव्हा आईबापांना तो आठवेलच असे नाही. उपचाराने मूल वाचणार नाही हे खरे. परंतु निदान लवकर झाल्यास निष्फळ उपायांत घरदार विकण्याची पाळी टळेल, त्या मुलाचे अखेरचे दिवस कमी यातनामय करता येतील, आणि गोवराची खरी किंमत किती, हे समाजाला कळेल.

ही किंमत मोजण्याचे साधन एकच आहे : २०२२ च्या साथीतील बालकांच्या याद्या. शासकीय दप्तरांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून काही कायम जतन करण्याची व बाकीचे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची पद्धत आहे. साथीच्या सर्वेक्षणाचे कागद किरकोळ समजून अल्प मुदतीच्या वर्गात पडणे अगदी संभवनीय आहे. तसे झाल्यास रोग प्रकट होण्याच्या सुमारासच त्याचा पूर्वपुरावा रद्दीत जाईल. लसीकरणाची नोंद एका ठिकाणी, गोवराच्या निदानाची दुसऱ्या ठिकाणी आणि मेंदूविकाराची तिसऱ्याच रुग्णालयात, ही आजची स्थितीही त्याच दिशेने नेणारी आहे. यास्तव या याद्या, त्यांतील व्यक्तींची गुप्तता सांभाळून, निदान पंचवीस वर्षे जतन केल्या जाव्यात; त्या लसीकरणाच्या नोंदींशी जोडल्या जाव्यात; आणि मुंबई-ठाण्यातील रुग्णालयांत एसएसपीईचे निदान होईल तेव्हा जन्मस्थान व अर्भकावस्थेतील वास्तव्य विचारून लिहून ठेवण्याचा प्रघात पडावा.

साथीचा अंत केव्हा झाला, हे ठरविण्याचे काम आजवर आरोग्य खात्याने केले. गोवराच्या बाबतीत ते काही अंशी अभिलेखपालाकडे येते. भिवंडीतील २०२२ ची साथ संपली की नाही, याचे उत्तर ते कागद शिल्लक राहिले तरच पुढील दशकात देता येईल.